तळ्याच्या गाळातून जुने वणवे आणि जुनी जंगलं कशी शोधायची: उपध्रुवीय प्रदेशासाठी टप्प्याटप्प्याने

ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी यलोनाइफ रिकामी करावी लागली. वणवा शहराच्या दिशेने सरकत होता आणि वीसेक हजार लोकांना घरं सोडून निघावं लागलं. अशा बातमीनंतर एक प्रश्न हमखास येतो: इथे पूर्वीही असंच जळायचं का? उत्तर द्यायला नोंदी पुरत नाहीत. कॅनडाला लागून असलेल्या अलास्कात वणव्यांच्या नोंदी १९४० च्या दशकापासून मिळतात, आणि तिथल्या काळ्या स्प्रूसच्या (एक सूचिपर्णी वृक्ष) जंगलात एकाच जागी दोन आगींमध्ये शंभर-दीडशे वर्षं सहज जातात. म्हणजे हाताशी असलेल्या नोंदीत एक फेरासुद्धा पुरा होत नाही. खोडांवरचे जळाल्याचे व्रण काही शतकं मागे नेतात, पण इथली आग बहुतेक वेळा उभं जंगलच मारते, त्यामुळे व्रण अंगावर घेऊन जगणारी झाडं थोडी.

त्याच्या मागे जायचं तर तळ्याचा गाळ. दरवर्षी थोडा गाळ तळाशी बसतो, त्यात परिसरातल्या झाडाझुडपांचे परागकण असतात आणि आग लागली की कोळशाचे बारीक तुकडेही. पराग वनस्पती सांगतो, कोळसा वणवा सांगतो. एकाच गाळात दोन्ही मिळतात, हीच या पद्धतीची खरी ताकद.

हा लेख भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. उदाहरणं मुख्यतः अलास्काची घेतली आहेत, कारण हे काम तिथे सखोल झालं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: या कामाचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली लागत नाही. तळं कोणतं निवडलं आणि गाळाची वयं कशी ठरवली, यातच तो बराचसा लागलेला असतो. म्हणून त्या दोन भागांवर इथे जास्त वेळ घालवला आहे.

आधी प्रश्न, मग तळं

पराग आणि कोळसा यांचा पल्ला वेगळा असतो. काही हेक्टरांच्या तळ्यात येणारा पराग कित्येक किलोमीटरच्या परिसरातून येतो, आणि वाऱ्यावर तरंगणारा पाइनसारखा पराग तर जिथे पाइनचं झाड औषधालाही नाही अशा टुंड्रातही सापडतो. कोळशाचे मोठे तुकडे, म्हणजे साधारण सव्वाशे मायक्रॉनच्या वरचे, बहुतेक एक ते तीन किलोमीटरच्या आत पडतात. बारीक कण मात्र धुराबरोबर उंच चढून फार लांब जातात.

त्यामुळे 'या उतारावर आग कधी लागली' आणि 'या खोऱ्यात स्प्रूस कधी वाढला' हे दोन प्रश्न वेगवेगळ्या आकाराच्या नकाशांवरचे आहेत. हे आधी मान्य केलं नाही तर शेवटी दोन आलेख शेजारी ठेवून त्यातून नसलेलं नातं काढलं जातं. एका तळ्यावरून स्थानिक इतिहास मिळतो. संपूर्ण प्रदेशाबद्दल बोलायचं असेल तर अनेक तळी हवीत. उत्तर अलास्कातल्या ब्रूक्स पर्वतरांगेच्या दक्षिणेकडच्या अभ्यासात चार तळी होती, युकॉन नदीकाठच्या युकॉन फ्लॅट्स या सखल प्रदेशाच्या अभ्यासात चौदा. एका तळ्यावर 'अलास्कातील वणव्यांचा इतिहास' असं शीर्षक देऊ नये.

तळ्याची निवड

चांगलं तळं लहान असतं, साधारण दोन ते दहा-पंधरा हेक्टर. ते पाच मीटरपेक्षा खोल असावं, म्हणजे वाऱ्याने तळाचा गाळ ढवळला जात नाही. तळ मधोमध सपाट असावा. आत येणारा ओढा नसावा. ओढा असला की तो संपूर्ण पाणलोटातला जुना-नवा कोळसा वर्षानुवर्षं आणून टाकत राहतो आणि आग विझून दशकं उलटली तरी गाळात 'आग' चालूच दिसते. काठ फार उभे असले तर दरडीसारखा गाळ घसरतो आणि थरांचा क्रम बिघडतो. बीव्हरने बांध घातलेलं तळं टाळावं, कारण पाण्याची पातळी त्याच्या मर्जीवर चालते.

उपध्रुवीय प्रदेशात सर्वात मोठा धोका वेगळाच आहे, आणि आपल्याकडून गेलेल्या माणसाला तो सुचतही नाही: कायम गोठलेली जमीन. तिच्यातला बर्फ वितळला की जमीन खचते आणि खड्ड्यात पाणी साचतं. अशी थर्मोकार्स्ट तळी युकॉन फ्लॅट्समध्ये भरपूर आहेत. त्यांचे काठ सतत ढासळतात आणि हजारो वर्षांपूर्वीचं पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर), त्यातला जुना पराग, जुना कोळसा आणि जुना कार्बन नव्या गाळात मिसळतो. कालची माती आणि पाच हजार वर्षांपूर्वीची माती एकाच चमच्यात येते. काठावरची झाडं पाण्याकडे कलंडलेली दिसली, काठाला ताजी उघडी माती दिसली, किंवा दोन गोल तळी एकमेकांत मिसळताना दिसली, तर समजून घ्यावं. हिमनदीने मागे सोडलेल्या बर्फाच्या ढेकळाच्या जागी बनलेली तळी सहसा जास्त भरवशाची.

उपग्रहचित्रं आणि उंचीचे नकाशे घेऊन घरबसल्या वीस-तीस तळ्यांतून पाच-सहा निवडता येतात. त्यातलं निदान एक तरी असं असावं की ज्याच्या काठापर्यंत गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत आग आल्याची नोंद आहे. का, ते पुढे येईल.

परवानगी आणि मोसम

ब्रूक्स रांगेत तुम्ही बहुधा गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यानात असता, युकॉन फ्लॅट्समध्ये राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात, आणि मधल्या कित्येक जमिनी आदिवासी महामंडळांच्या मालकीच्या असतात. युकॉन फ्लॅट्स हा ग्विचिन लोकांचा मुलूख आहे. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये काम असेल तर ऑरोरा रिसर्च इन्स्टिट्यूटकडून संशोधन परवाना घ्यावा लागतो. ही कागदपत्रं महिने खातात. पण गावच्या परिषदेशी बोलणं फक्त कागदासाठी करू नये. कोणतं तळं आटत चाललंय, कुठली बाजू आजोबांच्या काळात जळाली, बर्फ कुठे दगा देतो, हे गावातल्या शिकाऱ्याला तुमच्या नकाशापेक्षा जास्त माहीत असतं.

मोसम दोन. मार्च-एप्रिलमध्ये गोठलेल्या तळ्यावर उभं राहून काम करायचं, किंवा उन्हाळ्यात तराफ्यावरून. उन्हाळ्यात पाण्यावर उतरणारं छोटं विमान लागतं, तराफा तीन नांगर टाकूनही हलतो आणि डास माणसाला जगू देत नाहीत. मी बर्फाच्या बाजूने मत देईन. भक्कम मचाण फुकट मिळतं, एकाच जागी शेजारी-शेजारी दोन भोकं पाडता येतात, आणि बर्फावर चालणाऱ्या गाडीने सामान नेता येतं. एकच पथ्य आहे: बाहेर काढलेला गाळ गोठता कामा नये. पाणी गोठताना फुगतं आणि थर विस्कटतात. म्हणून थर्माकोलचा खोका आणि त्यात गरम पाण्याच्या बाटल्या, ही तयारी गाळ काढायच्या आधी करायची असते, नंतर नाही.

गाळ बाहेर काढणे

खोली आधी ध्वनी-खोलीमापकाने मोजावी. वजन बांधलेली दोरी वरच्या पातळ गाळात अलगद रुतते आणि चुकीची खोली सांगते.

वरचा अर्धा मीटर आणि खालचे काही मीटर ही दोन वेगळी कामं आहेत. वरच्या भागासाठी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची नळी वापरतात. नळी वर आली की गाळाच्या माथ्यावरचं पाणी नितळ आहे का ते बघायचं. गढूळ असेल तर माथा ढवळला गेला, म्हणजे गेल्या काही दशकांची नोंद गेली. ओतून टाका आणि पुन्हा करा. नितळ असेल तर नळी उभीच ठेवून जागेवरच अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरचे काप पिशव्यांत भरायचे. असा सैल गाळ आडवा करून प्रवास घडवला की सगळं मुसळ केरात.

खालच्या घट्ट गाळासाठी लिव्हिंगस्टोन कोअरर, म्हणजे गाळाचा सलग उभा दंडगोल (कोअर) काढणारी नळी. डॅनियल लिव्हिंगस्टोन यांनी १९५५ मध्ये या हलक्या उपकरणाचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी आर्क्टिक अलास्कातल्या परागाचे आलेखही. तत्त्व सोपं आहे: दट्ट्या गाळाच्या पातळीवर तारेने अडवून धरायचा आणि नळी त्याच्या बाजूने खाली ढकलायची, म्हणजे आत पोकळी न राहता गाळ न दबता चढतो. एका दमात एक मीटर निघतो. मीटर-मीटरच्या सांध्यावर थोडा गाळ नेहमी बिघडतो, म्हणून शेजारच्या भोकातून अर्धा मीटर सरकवून दुसरा संच काढायचा. करडी चिकणमाती किंवा खडी लागेपर्यंत खाली जायचं.

प्रत्येक तुकडा प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून, अर्ध्या चिरलेल्या पीव्हीसी पाइपात ठेवून त्यावर तळ्याचं नाव, भोक क्रमांक, वरची-खालची खोली आणि 'वर' दाखवणारा बाण लिहायचा. बाण दोन्ही बाजूंना लिहा. किती खोल ढकललं आणि प्रत्यक्षात किती गाळ हाती आला, हे दोन्ही आकडे वहीत हवेत; ते जुळत नसतील तर त्याचा हिशेब तिथेच लावायचा. साठवण ४ अंश सेल्सिअसला.

कोअर उघडल्यावर

लांबीने चिरायचा, पृष्ठभाग पात्याने आडवा खरवडायचा. उभा खरवडला तर वरचा पराग खाली ओढला जातो. लगेच फोटो काढा, कारण हवा लागली की तासाभरात रंग बदलतो. मग चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो, ते मोजायचं. तिचा उपयोग दोन संचांचे थर जुळवायला होतो आणि ज्वालामुखीची राख शोधायलाही.

राख सापडली तर आनंद माना. पूर्व अलास्का आणि युकॉनमध्ये व्हाइट रिव्हर ॲश नावाचा पांढुरका थर मिळतो, त्याचा पूर्वेकडचा मोठा पट्टा इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या मध्यातला. पश्चिम अलास्कात आनियाकचाक ज्वालामुखीची सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीची राख. असा थर वय तपासायला फुकटची खूण ठरतो. फक्त वयाचं प्रतिमान (खोलीवरून वय सांगणारं मॉडेल) करताना त्याची जाडी वजा करायची, कारण ती काही दिवसांत साचलेली असते, शतकात नाही. आणि राख नेमकी कुठली, हे काचेच्या कणांच्या रासायनिक विश्लेषणावरून ठरवा, रंगावरून नाही.

वय ठरवणे

वरच्या दीडशे वर्षांसाठी शिसे-२१०, म्हणजे किरणोत्सारी शिसे. त्याचं अर्धायुष्य बावीस वर्षांच्या आसपास, म्हणून सहा-सात अर्धायुष्यांनंतर मोजण्यासारखं काही उरत नाही. जोडीला सीझियम-१३७: अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास त्याचं शिखर येतं. उत्तरेकडे या दोन्हींचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे मोजणीला वेळ द्यावा लागतो.

खालच्या भागासाठी कार्बन-१४, आणि इथेच बहुतेक चुका होतात. गाळाचा गोळा तसाच प्रयोगशाळेत पाठवणं सोपं असतं, पण त्यात पाणवनस्पती असतात, गोठलेल्या जमिनीतून आलेला जुना कार्बन असतो, चुनखडी असेल तर तिचा तर किरणोत्सार कधीच संपलेला असतो. वय शेकडो, कधी त्याहून जास्त वर्षांनी जुनं येतं. म्हणून जमिनीवरच्या वनस्पतीचे अवशेषच निवडायचे: स्प्रूसच्या सुया, बर्चची बी, पानांचे तुकडे, बारीक काड्या. शेवाळ आणि पाणवनस्पती बाजूला. कोळसा चालतो, पण जपून. थंड हवेत मेलेलं खोड शतकभर न कुजता पडून राहू शकतं, आणि मग आग त्याला जाळते. तुम्हाला आगीचं नव्हे तर लाकडाचं वय मिळतं. जळलेली सुई किंवा काडी त्यापेक्षा बरी.

निवडलेले अवशेष उर्ध्वपातित पाण्यात धुवून, वाळवून लवकर पाठवावेत. ओले ठेवले की बुरशी धरते आणि बुरशी आजचा कार्बन घेऊन येते.

दहा हजार वर्षांच्या कोअरला दहा-बारा तरी तारखा हव्यात. पैसे मर्यादित असतील तर सगळ्या समान अंतरावर न वाटता गाळाचा प्रकार बदलतो तिथे आणि स्प्रूस वाढतो तिथे जास्त ठेवा. कच्ची वयं इंटकॅल२० या, कार्बन-१४ वयांची खरी वर्षं करणाऱ्या वक्राने दुरुस्त करायची आणि आर या संगणकीय भाषेतल्या 'आरबेकन'सारख्या साधनाने खोली-वयाचं प्रतिमान बांधायचं. 'आजपासून इतकी वर्षं' म्हणताना इथे आज म्हणजे १९५०, हे विसरून शिसे-२१० च्या तारखांशी गल्लत होते. एखादी तारीख क्रम मोडून वर-खाली आली तर ती वगळायला कारण लागतं. प्रतिमानात बसत नाही, हे कारण नव्हे; ती काठ ढासळल्याची खबर असू शकते.

कोळसा मोजणे

कोळशासाठी संपूर्ण कोअर सलग कापायचा, मधे एक मिलिमीटरही न सोडता. परागासाठी अंतर सोडलं तर चालतं, कोळशासाठी नाही, कारण एका आगीची खूण एखाद्या सेंटिमीटरभरातच असते. कापाची जाडी हिशेबाने ठरते. एका कापात मावणारी वर्षं दोन आगींमधल्या सरासरी काळाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी असावीत. समजा सरासरी १५० वर्षांनी आग लागते आणि गाळ वर्षाला ०.०२ सें.मी. साचतो. अर्ध्या सेंटिमीटरच्या कापात २५ वर्षं मावतात. मर्यादा ३० ची, म्हणजे चालेल. गाळ त्याच्या निम्म्या वेगाने साचत असेल तर तोच काप ५० वर्षांचा होतो आणि जवळजवळच्या आगी एकमेकींत मिसळतात. तेव्हा पाव सेंटिमीटर.

प्रत्येक कापातून एक ते तीन घन सेंटिमीटर गाळ टोक कापलेल्या सिरिंजने मोजून घ्या. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या पाच टक्के द्रावणात दिवसभर ठेवला की गाळ सुटा होतो. मग सौम्य ब्लीचमध्ये रात्रभर: न जळलेला काळपट पालापाचोळा फिका पडतो, कोळसा काळाच राहतो. नंतर १२५ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवायचं. बोट किंवा ब्रश लावायचा नाही. एका तुकड्याचे पाच होतात आणि तुमची 'आग' पाचपट मोठी दिसते.

उरलेलं चौकटी आखलेल्या पेट्री डिशमध्ये घेऊन स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, दहा ते चाळीस पट मोठं करून बघायचं. खरा कोळसा पूर्ण काळा, अपारदर्शक, कडांना टोकदार आणि मोडलेल्या बाजूवर किंचित निळसर चकाकी असलेला दिसतो. शंका आली की बारीक सुईने दाबा. कोळसा पापडासारखा कडकन मोडतो आणि तुकडे टोकदारच राहतात. कुजलेलं पान वाकतं किंवा चेपतं, काळं खनिज मोडत नाही, सुईखालून सटकतं, आणि कीटकाच्या कवचाला बाक असतो व तकाकी वेगळी असते. स्प्रूसच्या जळलेल्या सुईवर रंध्रांच्या ओळी ओळखू येतात. गवत आणि सेज (गवतासारखी वनस्पती) यांचे तुकडे लांबट, पातळ असतात. लांबी-रुंदीचं गुणोत्तर नोंदवून ठेवलंत तर टुंड्रातली आग आणि जंगलातली आग वेगळी काढायला मदत होते. दर काही डब्या दुसऱ्या माणसाकडून, तुमचा आकडा न सांगता, पुन्हा मोजून घ्या.

पराग

परागाची पहिली आलेखरूप मांडणी स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये केली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे: मोजा, टक्केवारी काढा, खोलीनुसार मांडा.

दर पाच-दहा सेंटिमीटरला एक नमुना, बदलाच्या जागी जास्त. सुरुवातीलाच ठरावीक संख्येचे खुणेचे कण टाकायचे. रूढ पद्धत लायकोपोडियम या बिनफुलांच्या वनस्पतीच्या बीजाणूंच्या गोळ्या टाकण्याची आहे. प्रत्येक घाण्याची (बॅचची) संख्या वेगळी, ती डब्यावरून लिहून घ्या. उपध्रुवीय प्रदेशात इथे एक गंमत होते. लायकोपोडियम तिथे जंगलात उगवतंच! मग मूळचे बीजाणू आणि गोळीतले यांत गोंधळ होऊ शकतो. तिथे निलगिरीचा पराग किंवा कृत्रिम सूक्ष्मगोल वापरणं सोयीचं. हिशेब असा: २०,००० खुणा टाकल्या, त्यातल्या २०० दिसल्या आणि तेवढ्यात ३५० परागकण मोजले, तर एक घन सेंटिमीटरच्या नमुन्यात ३५,००० परागकण.

प्रक्रियेचा क्रम: हायड्रोक्लोरिक आम्ल, मग गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइड, चाळण, मग वाळू-माती विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल, शेवटी ॲसिटोलिसिस, म्हणजे आम्लांच्या मिश्रणाने उरलेला सेंद्रिय कचरा काढणं. हायड्रोफ्लोरिक आम्लाबद्दल थांबून सांगतो. ते कातडीतून आत जातं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि शरीरातलं कॅल्शियम ओढून जीव घेऊ शकतं. त्यासाठीचा खास धूरकक्ष, जाड हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर बाटली उघडू नका. त्या आम्लाला पर्याय आहे: सोडियम पॉलिटंगस्टेटच्या जड द्रावणात, साधारण २ घनतेला, पराग वर तरंगतो आणि खनिजं खाली बसतात. महाग आहे, पण द्रावण गाळून पुन्हा वापरता येतं. लहान प्रयोगशाळेने हाच मार्ग धरावा. ॲसिटोलिसिसचं मिश्रण पाण्याशी जोरात भडकतं, म्हणून त्याआधी नमुना ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने धुवून पाणी काढून टाकायचं.

चारशे पटीत किमान तीनशे जमिनीवरच्या वनस्पतींचे कण मोजा. स्प्रूस ओळखणं सोपं: मोठा कण आणि दोन हवेच्या पिशव्या. बर्चला तीन छिद्रं, ऑल्डरला बहुधा पाच आणि छिद्रांना जोडणाऱ्या कमानी, हीथच्या कुळात चार कण एकत्र चिकटलेले. कठीण काम पुढे आहे. काळा स्प्रूस आणि पांढरा स्प्रूस यांचा पराग मोजमापं घेऊनच, तेही संभाव्यतेने, वेगळा काढता येतो. झुडपी बर्च आणि झाड बर्च यांचंही तसंच. आणि पॉप्लरचं कवच इतकं पातळ की बराचसा पराग टिकतच नाही. लार्चचंही प्रमाण नेहमी कमी दिसतं. आलेखात पॉप्लर पाच टक्के दिसला तर प्रत्यक्षात डोंगरउतार त्याने भरलेला असू शकतो. परागाच्याच काचपट्टीवर शंकूधारी झाडांच्या सुयांची रंध्रं दिसली तर ती वेगळी नोंदवा. पराग वाऱ्याने येतो, सुई काठावरूनच येते.

आकड्यांतून आग काढणे

तीन घन सेंटिमीटरमध्ये १२ तुकडे, म्हणजे घन सेंटिमीटरला ४. त्याला साचण्याच्या वेगाने, ०.०२ ने, गुणलं की वर्षाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.०८ तुकडे. हाच तो कोळशाचा ओघ. सगळे काप समान वर्षांच्या टप्प्यांत आणून त्यातून हळू बदलणारी पार्श्वभूमी काढतात, साधारण ५०० ते १,००० वर्षांच्या खिडकीने, म्हणजे तेवढ्या वर्षांचे आकडे एकत्र घेऊन. ती वजा केल्यावर उरतात ती शिखरं आणि नुसती कुजबुज, म्हणजे अर्थ नसलेले बारीक चढउतार. कुजबुजीच्या ९९ व्या शतमकावर जे जातं ते शिखर मानायचं. शिखर आणि कुजबुज यांचं गुणोत्तर ३ च्या वर नसेल तर त्या काळात 'आग' हा शब्द वापरू नये. फिलिप हिगेरा यांची 'चारॲनालिसिस' ही प्रणाली आणि आर भाषेतलं 'टॅपास' हे सगळं करून देतात. पण खिडकी ५०० ऐवजी ८०० केली की निम्मी शिखरं गायब होत असतील, तर दोष खिडकीचा नाही, नोंद कमकुवत आहे.

आता ते ज्ञात आगीचं तळं कामी येतं. काठापर्यंत आलेल्या, साल माहीत असलेल्या आगीचं शिखर वरच्या कोअरमध्ये योग्य जागी दिसतं का? दिसलं तर खालच्या शिखरांवर विश्वास ठेवायला आधार मिळतो. तरीही शिखराला 'आगीचा प्रसंग' म्हणा. पंचवीस वर्षांच्या कापात दोन आगीही असू शकतात.

दोन्ही एकत्र वाचताना

ब्रूक्स रांगेच्या दक्षिणेकडच्या तळ्यांनी जे दाखवलं ते अंदाजाच्या उलट होतं. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी हवा थंड आणि दमट होत गेली, म्हणजे आगी कमी व्हायला हव्या होत्या. झालं उलट. आधीच्या पांढऱ्या स्प्रूसच्या विरळ जंगलात सरासरी दोनशेहून अधिक वर्षांनी येणारी आग सुमारे १४५ वर्षांवर आली. कारण काळा स्प्रूस पसरला: जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या, राळेने भरलेल्या फांद्यांमुळे आग शेंड्यापर्यंत चढते, आणि त्याचे बरेच शंकू आगीनंतरच बी सोडतात. त्याच्याही खूप आधी, हिमयुगाच्या अखेरीस, झुडपी बर्चच्या टुंड्रातही जवळजवळ तितक्याच वारंवार आगी लागत होत्या. आजच्या टुंड्राकडे बघून हे कुणी म्हटलं नसतं.

टुंड्राची दुसरी बाजू म्हणजे २००७ ची अनाकटुवुक नदीची आग. विजेने पेटलेली ही आग हजारभर चौरस किलोमीटर पसरली, आणि जवळच्या तळ्यांच्या गाळात मागच्या पाच हजार वर्षांत तशी आग सापडली नाही. युकॉन फ्लॅट्सच्या चौदा तळ्यांनी अलीकडचं जळणं गेल्या दहा हजार वर्षांच्या मर्यादेबाहेर गेल्याचं दाखवलं.

असं विधान करायचं तर एक युक्ती लक्षात ठेवा. पराग आणि कोळसा एकाच कोअरच्या एकाच खोलीतून घेतलेले असतील तर आधी स्प्रूस वाढला की आधी आगी वाढल्या, हा क्रम वयाच्या चुकीने बदलत नाही. तारीख दोनशे वर्षांनी हुकली तरी दोन्ही बरोबरच हुकतात. दोन तळ्यांमधली तुलना मात्र वयाच्या अनिश्चिततेच्या दयेवर असते. दोन शिखरांची वयं ऐंशी वर्षांच्या आत आली म्हणून ती एकच आग ठरत नाही. आणि हवामान परागावरूनच काढून त्याच परागाशी ताडून बघू नका. त्यासाठी वेगळा साक्षीदार हवा: चिलटांसारख्या कीटकांच्या अळ्यांची डोकी किंवा ऑक्सिजनची समस्थानिकं.

अलास्काला न जाता

निओटोमा आणि ग्लोबल पॅलिओफायर डेटाबेस यांत तळ्यांची मोजणी खुली ठेवलेली असते. आर शिकून एका तळ्याचं वय नव्याने बांधणं आणि शिखरं नव्याने काढणं, हा पदव्युत्तर प्रबंधाला पुरेल असा विषय आहे. हात बसवायला लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आहे. ध्रुवीय मोहिमांचा रस्ता गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून जातो. स्वालबार्डमधलं 'हिमाद्री' स्थानक २००८ पासून चालू आहे. लोणारच्या गाळातूनही मान्सूनचा हजारो वर्षांचा इतिहास काढला गेला आहे, तेव्हा तळ्याचा गाळ वाचणं आपल्याला अगदी परकं नाही.

स्वतःचा डेटा टाकाल तेव्हा फक्त अंतिम वयं देऊ नका. खोली, कच्ची कार्बन-१४ वयं, प्रत्येक कापाचं घनफळ, तुकड्यांची मूळ मोजणी आणि खुणेच्या गोळ्यांचा घाणा क्रमांक, सगळं द्या. इंटकॅल१३ ची जागा इंटकॅल२० ने घेतली, तिची जागाही पुढे कुणी घेईल, आणि त्या दिवशी तुमच्या तळ्याचं वय नव्याने मोजायचं असेल तर लागतील ते हेच आकडे.